टेलच्या गावाची मोजदाद

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४८ साली गोदावरी आणि प्रवरा या दोन कालव्यांची एक पाहणी प्रसिद्ध केली. धनंजयराव गाडगीळ तेव्हा संस्थेचे संचालक होते. कालवा सरकारला परवडतो की नाही हे पाहायचे, तर बांधायला खर्च किती आला आणि पाणीपट्टी किती जमली एवढेच तोवर पाहिले जाई. गाडगीळांनी प्रश्नच बदलला. पाणी आल्यावर शेतकऱ्याच्या हाती जास्तीचे काय पडले, मजुराला किती काम मिळाले, बाजारपेठेत आणि वाहतुकीत उलाढाल किती वाढली, हे सगळे कालव्याच्या खात्यावर जमा धरले पाहिजे, अशी ती मांडणी होती. त्याच साली त्याच गोदावरीच्या काठी, पण बरेच खाली, परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तो सप्टेंबरमध्ये मुक्त झाला. नदीच्या वरच्या अंगाला पाण्याचा अर्थ छापून येत होता, खालच्या अंगाला लोक रझाकारांपासून जीव वाचवत होते. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा सुरुवातीच्या काळात त्याचे अध्यक्षपद गाडगीळांनीच सांभाळले. कारखाना त्या पाहणीतून निघाला, असे कुणी म्हणू नये. पण पाण्यावरचा हक्क सांगायची वेळ आली तेव्हा नगरकडच्या माणसाच्या हाती छापील आकडे होते. परभणीकडच्या माणसाच्या हाती पुढची कित्येक वर्षे निवेदने होती.

निवेदन आणि आकडा यांतला हा फरक युरोपने फार आधी ओळखला. लंडनचे चॅटम हाउस १९२० पासून परराष्ट्र धोरणावर अभ्यास करते. युरोपीय संघाचे निर्णय ब्रसेल्समध्ये होऊ लागले तसे त्या शहरात अशा संस्थांचे पेव फुटले. युरोपियन पॉलिसी स्टडीजचे केंद्र १९८३ चे, तर ब्रुगेल २००५ ची. मंत्री, खासदार, उद्योगांचे वकील आणि वार्ताहर सगळेच यांचे अहवाल वाचतात आणि सोयीपुरते वापरतात. पण या गर्दीपेक्षा दोन संस्था आपल्या कामाच्या आहेत. एक ब्रिटनमधली इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज, स्थापना १९६९. अर्थमंत्री अर्थसंकल्प मांडतो आणि दुसऱ्या दिवशी ही संस्था त्याची चिरफाड करते. कुणाच्या खिशातून किती गेले आणि कुणाच्या पदरात किती पडले हे सांगते. दुसरी नेदरलँड्समधली सीपीबी. दुसरे महायुद्ध संपले त्या वर्षी, १९४५ मध्ये, यान टिनबर्गेन या अर्थतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली ती सुरू झाली. १९८६ पासून तिथले राजकीय पक्ष निवडणुकीआधी आपापले जाहीरनामे या कार्यालयाकडे देतात आणि ते त्यांची किंमत काढून छापते. कोणत्या पक्षाच्या आश्वासनाला किती पैसा लागेल आणि तुटीचे काय होईल, हे मतदानाआधी मतदाराच्या हाती असते. आपल्याकडच्या एखाद्या जाहीरनाम्यावर हा प्रयोग झाला तर काय होईल, याची कल्पना वाचकाने स्वतःच करून पाहावी.

सीपीबी सरकारी पैशावर चालते. तरीही तिचा आकडा विरोधी पक्ष मानतो, कारण तो कोणत्या गृहीतांवरून आणि कसा काढला हे सगळे उघड असते आणि ज्याला शंका आहे त्याला तो पुन्हा काढून पाहता येतो. उलट खाजगी देणग्यांवर चालणाऱ्या, स्वतंत्र म्हणवणाऱ्या संस्थांची अब्रू कशी जाते तेही जगाने पाहिले आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या नामवंत संशोधन संस्थांना परदेशी सरकारांकडून पैसा मिळतो आणि त्याबरोबर अपेक्षाही येतात, हे वृत्तपत्रांनी उघडकीला आणले. त्यात नॉर्वेसारख्या सभ्य समजल्या जाणाऱ्या देशाचेही नाव होते. म्हणून पैसा कुणाचा हा प्रश्न विचारावाच, पण तिथेच थांबू नये. संस्था स्वतंत्र आहे की नाही हे मला दोन गोष्टींवरून ठरवावेसे वाटते. तिची मोजणी विरोधकाला तपासता येते का? आणि ती एकदाच होऊन थांबते की दरवर्षी होते? परभणी जिल्ह्याच्या गेल्या सत्तर वर्षांच्या इतिहासाला या दोन कसोट्या लावल्या, तर या जिल्ह्याला नेमके काय मिळाले आणि काय निसटले ते कळते.

मराठवाडा महाराष्ट्रात आला तो अटी न घालता, पण आश्वासन घेऊन. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने समतोल विकासाचा शब्द दिला. १९५६ मध्ये घटनेच्या ३७१ व्या कलमात विकास मंडळांची तरतूद आली. नंतर बराच काळ दोन्ही कागद जागच्या जागी राहिले. मे १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ आले. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात वसमतला गोळीबार झाला. हिंगोली जिल्हा व्हायचा होता, वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. आंदोलनाचे यश नाकारण्याचे कारण नाही. रस्त्यावर उतरल्याखेरीज या भागाकडे कुणी मान वळवून पाहिले नसते. पण 'आमच्यावर अन्याय झाला' या वाक्याला 'किती?' असा प्रतिप्रश्न मुंबईहून आला की पंचाईत व्हायची. त्याचे उत्तर द्यायला १९८३ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. दांडेकर गोखले संस्थेचे माजी संचालक. नीलकंठ रथ यांच्याबरोबर १९७१ मध्ये त्यांनी देशातल्या दारिद्र्याची मोजणी केली होती आणि त्या मोजणीने दिल्लीतल्या नियोजनाच्या चर्चेचे वळण बदलले होते. त्यांच्या समितीने रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने, पिण्याचे पाणी अशी एकेक बाब घेतली, राज्याची सरासरी काढली आणि त्या सरासरीच्या खाली असलेल्या प्रत्येक जिल्ह्याला सरासरीवर आणायला किती खर्च येईल ते लिहिले. त्या खर्चाचे नाव अनुशेष. १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये निघाला. त्यात मराठवाड्याचे ७५० कोटी ८५ लाख होते. सिंचनाच्या मोजणीत एक बारकावा होता. एक हेक्टर ऊस आणि एक हेक्टर ज्वारी यांना लागणारे पाणी सारखे नसते, त्यामुळे नुसते भिजलेले हेक्टर मोजले तर उसाचा जिल्हा आणि ज्वारीचा जिल्हा एका पारड्यात बसत नाहीत. म्हणून सगळे क्षेत्र रब्बीच्या मापात रूपांतरित करून घ्यायचे. हा तपशील कुणाला रुक्ष वाटेल, पण भांडण याच तपशिलात असते.

सरकारने दांडेकर अहवाल रीतसर स्वीकारला नाही. तरीही त्याने जे केले ते कुणाला पुसता आले नाही. १९८४ मध्येच विधिमंडळाने वैधानिक विकास मंडळांचा ठराव केला, १९९४ मध्ये मंडळे अस्तित्वात आली, त्यानंतरच्या निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती धरून अनुशेष पुन्हा काढला तो १४ हजार कोटींवर गेला, आणि २००१ पासून राज्यपाल त्या आधारावर निधीवाटपाचे निर्देश देऊ लागले. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने हा प्रश्न लावून धरला, तो या आकड्यांच्या बळावर. मागणीला पहिल्यांदा हिशेबाचे रूप आले होते. हिशेब मांडला की समोरच्याला तो खोडून काढावा लागतो, नुसती सहानुभूती दाखवून भागत नाही.

मग बिनसले कुठे? दुसऱ्या कसोटीवर. दांडेकर समिती अहवाल देऊन संपली. निर्देशांक समिती अहवाल देऊन संपली. विजय केळकर समितीने २०११ ते २०१३ काम केले, अहवाल डिसेंबर २०१४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला, आणि तीही संपली. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मंडळांच्या पुनर्रचनेचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो २०२२ मध्ये. म्हणजे मराठवाड्याची मोजणी दहा-पंधरा वर्षांतून एकदा, सरकारच्या मनात येईल तेव्हा, सरकार नेमेल त्या माणसांनी केली. अध्यक्ष दांडेकर किंवा केळकर यांच्यासारखा असला तर ती प्रामाणिक झाली. पण दोन समित्यांच्या मधल्या काळात काय घडले, याची नोंद ठेवणारे कुणी नव्हते.

त्याची किंमत काय, हे पाहायचे तर पैठणच्या जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्यावर यावे. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते ऑक्टोबर १९६५ मध्ये झाली, लोकार्पण इंदिरा गांधींच्या हस्ते फेब्रुवारी १९७६ मध्ये. डावा कालवा २०८ किलोमीटरचा. छत्रपती संभाजीनगर आणि जालना ओलांडून तो परभणी जिल्ह्यात येतो आणि इथेच संपतो. पाथरी, मानवत आणि परभणी तालुक्यांतल्या गावांच्या वाट्याला कालव्याचा शेवटचा टप्पा आला. कालव्याच्या भाषेत ही टेलची गावे. शेतकरी नमुना नंबर सातवर पाणी अर्ज भरतो, आवर्तन सुटल्याची बातमी पेपरात वाचतो, आणि पाणी त्याच्या चारीपर्यंत येईलच असे नसते. वर ऊस उभा असतो, मधे वितरिका फुटलेली असते, दारे मोडलेली असतात. आता या गावाची नोंद कशी होते? कालवा खोदला, वितरिका झाली, म्हणजे सिंचनक्षमता निर्माण झाली. अनुशेषाच्या तक्त्यात हे क्षेत्र सिंचित म्हणून जमेला लागते. पाणी न येताच गाव बागायतदार होते आणि जिल्ह्याचा अनुशेष तेवढ्याने कमी दिसतो! निर्मित क्षमता आणि प्रत्यक्ष भिजलेले रान यांच्यातली ही दरी दरवर्षी, वितरिकेगणिक मोजली गेली असती तर परभणीचा खटला वेगळा उभा राहिला असता.

राज्य सरकारकडे हा आकडा असेलच, असे समजू नये. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून निघालेला निष्कर्ष त्या वर्षी फार गाजला: दहा वर्षांत सत्तर हजार कोटी खर्चूनही सिंचित क्षेत्राची टक्केवारी ०.१ ने वाढली. सिंचन घोटाळ्याची चर्चा तिथून पेटली. त्यानंतर घडले ते अधिक बोलके आहे. राज्याच्या आर्थिक पाहणीत सिंचित क्षेत्राच्या टक्केवारीच्या रकान्यात कित्येक वर्षे 'उपलब्ध नाही' असे छापून येत राहिले. ज्या आकड्याने सरकार अडचणीत आले, तो आकडाच दिसेनासा झाला. हे ठरवून झाले की आळसाने, यावर वाद घालण्यात अर्थ नाही, परिणाम एकच. वाल्मी या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेतून निवृत्त झालेले प्राध्यापक प्रदीप पुरंदरे यांच्यासारखे एकटेदुकटे अभ्यासक हे रकाने दाखवत राहिले. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्याने सक्तीचा केलेला एकात्मिक जल आराखडा नसतानाच गोदावरी खोऱ्यात प्रकल्पांना मंजुऱ्या दिल्या गेल्या, हे त्यांनीच जनहित याचिकेतून औरंगाबाद खंडपीठासमोर आणले. एका माणसाचा अभ्यास केवढे काम करू शकतो याचा हा पुरावा आहे. पण एका माणसावर सगळे सोपवणे किती धोक्याचे, हेही त्यातूनच दिसते.

समन्यायी पाणीवाटपाचेही तसेच. २००५ च्या त्याच कायद्याच्या बाराव्या कलमात खोऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या धरणांनी टंचाई वाटून घ्यावी अशी तरतूद आहे. तत्त्व कायद्यात आले, पण त्यावर पाणी सुटले नाही. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये तक्ता तयार केला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत खरिपाचा वापर धरून ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या कोणत्या धरणसमूहातून किती पाणी सोडायचे, हे त्यात लिहिले. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये तो आधार मानला, उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो उचलून धरला, आणि २०१८ व २०२३ मध्ये नाशिक-नगरकडून साडेआठ ते नऊ टीएमसी पाणी सोडण्याचे आदेश निघाले. अहवाल कपाटात धूळ खातात, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. तिकडच्या पुढाऱ्यांनी मोर्चे काढले, तरी तक्त्यापुढे त्यांना कोर्टात जावे लागले. मात्र तक्ता सरकारी अभ्यासगटाचा होता, आणि सरकारी अभ्यासगट पुन्हा नेमता येतो. नंतर नेमलेल्या गटाने ६५ टक्क्यांची मर्यादा खाली आणण्याची शिफारस केली. ती शिफारस बरोबर की चूक हे ठरवायचे तर आवक, बाष्पीभवन, बिगरसिंचन मागणी, कालव्यातली गळती यांचे स्वतंत्र गणित मांडावे लागेल. मराठवाड्याने बैठका घेतल्या, निषेध केला. प्रतिगणित मांडून बसणारी, पगारी माणसे असलेली संस्था मात्र खालच्या अंगाला नाही.

आता कुणी म्हणेल, पुण्या-मुंबईच्या संस्था आहेत की. आहेत, आणि त्यांचे काम मोठे आहे. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा वीजखरेदी करार राज्याला कसा बुडवेल, हे पुण्याच्या 'प्रयास' गटाच्या गिरीश संत आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकातच आकडेमोड करून दाखवले. तेव्हा त्यांना विकासविरोधी ठरवले गेले. २००१ मध्ये वीज मंडळाने ती महाग वीज घेणे थांबवले आणि माधव गोडबोले समितीने कराराची लक्तरे वेशीवर टांगली. शेतीपंपांचा वीजवापर फुगवून दाखवला जातो आणि गळती त्यात लपते, हा मुद्दाही प्रयासने व वीज ग्राहक संघटनांनी नियामक आयोगापुढे वर्षानुवर्षे मांडला. परभणीच्या शेतकऱ्याच्या थकबाकीच्या आकड्याशी त्याचा थेट संबंध आहे. पण प्रयास राज्याचे वीजदर पाहते, मानवत तालुक्यातल्या एका फीडरवर बसून राहणे तिचे काम नव्हे. गाडगीळांची पाहणी गोदावरी-प्रवरेवर झाली त्यात पुण्याचा पक्षपात नव्हता. ते कालवे मुंबई इलाख्यात होते आणि परभणी दुसऱ्या राज्यात होती, एवढेच. संस्था जिथे असते तिथल्या प्रश्नांकडे तिचे लक्ष आधी जाते. हा दोष मानू नये, पण त्यावर विसंबूही नये.

जिल्ह्याच्या पातळीवरच्या मोजणीचा प्रश्न सर्वांत धारदार होतो तो पीकविम्यात. परभणीत २०१८ मध्ये सोयाबीनच्या विम्यासाठी शेतकरी जिल्हाधिकारी कार्यालयासमोर ठाण मांडून बसले होते. त्याच वर्षी पत्रकार पी. साईनाथ यांनी महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याचा हिशेब जाहीर सभेत मांडला: शेतकरी, राज्य आणि केंद्र मिळून विमा कंपनीला १७३ कोटी गेले आणि भरपाई ३० कोटींची झाली. केंद्राने त्याचे खंडन केले. दोन आकडे समोरासमोर उभे राहिले आणि पंच कुणीच नव्हता. वाचकाने ज्या पक्षावर विश्वास, त्याचा आकडा खरा मानला.

भरपाई कशी ठरते ते पाहा. महसूल मंडळाची मागच्या सात वर्षांची उत्पन्ने घ्यायची, त्यांतली सर्वांत कमी उत्पन्नाची दोन वर्षे वगळायची, उरलेल्या पाचांच्या सरासरीला जोखीम स्तराने गुणायचे. महाराष्ट्रात तो ७० टक्के. हे झाले उंबरठा उत्पन्न. यंदाच्या पीक कापणी प्रयोगांतून मंडळाचे उत्पन्न त्याच्या खाली आले तरच पैसे मिळणार. आता मराठवाड्याची २०१२ ते २०१८ ही सात वर्षे घ्या. २०१२, २०१४, २०१५ आणि २०१८ अशी चार वर्षे दुष्काळाची. दोन वगळली तरी दोन उरतात आणि सरासरी खाली ओढतात. त्यावर पुन्हा ७० टक्के. ज्या भागात दुष्काळ वरचेवर पडतो तिथे उंबरठाच इतका खाली जातो की पीक निम्मे बुडाले तरी कागदावर नुकसान दिसत नाही. यात कुणी लबाडी केलेली असण्याची गरजच नाही, सूत्रच तसे आहे. आणि सूत्र बदलायचे तर दिल्लीत कुणीतरी जाऊन सांगावे लागते की दुष्काळी मुलखासाठी वगळायची वर्षे दोन नव्हे तीन किंवा चार असावीत, आणि तसे केल्यास खर्च इतका वाढेल. ही वाक्ये तयार करायला परभणीच्या एखाद्या मंडळाची वीस वर्षांची उत्पन्ने हाताशी लागतात. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयात विमा ही योजना राज्याने बंद केली आणि हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती वगैरे निकष काढून भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगावर आणून ठेवली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. दहा मीटर बाय पाच मीटरच्या त्या तुकड्यात निघालेल्या धान्याचे वजन आता बरेचसे ठरवते, आणि ते वजन होताना हजर कोण असते, तर महसूल, कृषी आणि ग्रामविकास खात्यांची माणसे आणि विमा कंपनीचा प्रतिनिधी. शेतकऱ्यासाठी, पण त्याचा पक्ष न घेता, वजन लिहून ठेवणारा पाचवा माणूस तिथे नसतो.

आक्षेप आहेतच. पहिला सगळ्यांच्या तोंडी असतो: ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, अशा संस्था शेवटी देणगीदाराच्याच होतात. अनेक होतात. पण गोखले संस्था १९३० मध्ये उभी राहिली ती रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीवर, आणि दांडेकर-रथ यांचा दारिद्र्याचा अभ्यास फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून झाला. तो अभ्यास अमेरिकेच्या सोयीचा होता असे त्याच्या कट्टर टीकाकारांनाही सिद्ध करता आले नाही, कारण त्यांनी उष्मांकांपासून किमतींपर्यंत त्याचे प्रत्येक पाऊल तपासले, त्यावर दहा-पंधरा वर्षे वाद घातला आणि तो वाद घालता आला, कारण सगळे उघड होते. पैशाचा खरा धोका दुसरीकडे आहे. दिल्लीचे सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च १९७३ पासूनचे. २०२३ मध्ये त्याचा परदेशी निधीचा परवाना निलंबित झाला, पुढच्या वर्षी रद्द झाला आणि माणसे कमी करावी लागली. एका नळावर अवलंबून असलेली संस्था तो नळ बंद केला की कोरडी पडते. खुद्द गोखले संस्थेत २०२४ मध्ये कुलगुरुपदाचा वाद उच्च न्यायालयात गेला. शतकाकडे निघालेल्या संस्थेलाही पडझड चुकत नाही. यावरून संस्थाच नकोत असा निष्कर्ष काढणारे आहेत. त्यापेक्षा लहान, अनेकांच्या थोड्या थोड्या पैशांवर चालणारी आणि जिल्ह्याबाहेर फार महत्त्वाकांक्षा नसलेली संस्था अधिक टिकेल, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोकशाहीत प्रश्न मांडायचे ते निवडून आलेल्यांनी. न निवडलेल्या पंडितांनी धोरण का ठरवावे? ब्रिटनमध्ये २०१६ च्या सार्वमतात लोकांनी तज्ज्ञांचे आर्थिक इशारे बाजूला सारले, आणि तो त्यांचा अधिकार होता. मला हे मान्य आहे. जायकवाडीचे पाणी आधी कुणाला द्यायचे हे कोणतेही गणित ठरवू शकत नाही, तो निर्णय राजकीयच आहे. पण पाणी किती आले आणि कुठवर पोचले हा निर्णय नाही, ती वस्तुस्थिती आहे. तीच वादात असली की आमदार सभागृहात भाषण करतो, मंत्री दुसरा आकडा वाचून दाखवतो आणि विषय संपतो. अभ्यासाचा पाठिंबा असलेला आमदार मंत्र्याला दुसऱ्या प्रश्नावर अडवू शकतो. निवडून आलेल्यांचे काम त्याने हलके होत नाही, उलट त्यांना पळवाट उरत नाही. म्हणूनच कदाचित अशी संस्था व्हावी म्हणून कुणी पुढारी आजवर फारसा धडपडलेला नाही.

तिसरे म्हणणे, परभणीत विद्यापीठ आहे, ते काय करते? वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' भेंडी दिली, 'परभणी मोती' ज्वारी दिली, सोयाबीनचे वाण दिले आणि हवामानाच्या कित्येक वर्षांच्या नोंदी ठेवल्या. हिवाळ्यात राज्यभरचे पेपर परभणीच्या थंडीचा आकडा त्याच्याकडून घेतात. हे सगळे मोलाचे. पण ते राज्य सरकारच्या अनुदानावर चालणारे, राज्याच्या कायद्याने बांधलेले विद्यापीठ आहे. उंबरठा उत्पन्नाचे सूत्र चुकले आहे किंवा कालव्याचे आकडे खोटे आहेत असे तिथल्या प्राध्यापकाने जाहीरपणे म्हणावे, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. मात्र त्याच्या नोंदी वापरून दुसऱ्या कुणी ते म्हणावे, यात काही अडचण नाही. जिल्ह्यात अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकवणारी महाविद्यालये आहेत, निवृत्त अभियंते आहेत, तलाठ्यांपासून पाटकऱ्यांपर्यंत कागद कुठे असतो हे जाणणारी माणसे आहेत, वकील आहेत, पीकविम्याच्या आंदोलनात मंडळनिहाय आकडे गोळा करायला शिकलेले कार्यकर्ते आहेत. यांना एका टेबलाभोवती बसवायला ब्रसेल्सइतका पैसा लागत नाही.

कामही फार मोठे घेऊ नये. मराठवाड्याच्या सर्वांगीण विकासाचा आराखडा वगैरे तर मुळीच नको, तसले आराखडे पुष्कळ झाले. दोनच वह्या ठेवाव्यात. एकीत डावा कालवा परभणीच्या हद्दीत शिरतो तिथे प्रत्येक आवर्तनात किती पाणी आले आणि टेलच्या वितरिकांवर किती दिवस, किती पोचले, हे लिहावे. दुसरीत प्रत्येक महसूल मंडळाचे पीक कापणी प्रयोगांचे निकाल, त्याच मंडळाचा पाऊस आणि मिळालेली भरपाई हे एका ओळीत लिहावे. दरवर्षी छापावे, कसे काढले ते छापावे, आणि पाटबंधारे विभागाला व विमा कंपनीला चूक दाखवायचे जाहीर आमंत्रण द्यावे. त्यांनी दाखवलेली चूक खरी निघाली तर पुढच्या अंकात दुरुस्त करावी. पाच वर्षे हे झाले तर पुढच्या कोणत्याही समितीला परभणीत आल्यावर आधी त्या वह्या मागाव्या लागतील.

सुरुवात करायला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या मंडळातल्या यंदाच्या सगळ्या पीक कापणी प्रयोगांचे तक्ते आणि आपल्या वितरिकेच्या गेज नोंदवहीची प्रत माहिती अधिकारात मागता येते. अर्जाची फी दहा रुपये आहे, आणि उत्तर द्यायची मुदत तीस दिवसांची.